हार्नेस गाडीवरून नव्हे, ईसीएमवरून निवडावा
वाहनविषयक प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझी २००८ सालची एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाची मारुती जिप्सी पावसाळाभर शेतावरच्या शेडमध्ये उभी होती. त्या काळात उंदरांनी इंजेक्टरकडे आणि काही सेन्सरांकडे जाणाऱ्या वायरी कुरतडल्या. गावातील वायरमनने त्या जोडून, टेप गुंडाळून गाडी चालू करून दिली. परंतु इंजिन तापले की गाडी अचानक बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा चालू होते आणि चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो. गॅरेजवाल्यांच्या मते संपूर्ण वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा बांधलेला जुडगा, बदलावा लागेल. कंपनीचा नवीन मागवावा, मुंबईहून कुर्ल्याच्या बाजारातून जुना आणावा, की पुण्यात बनवून घ्यावा, असे तीन मार्ग त्यांनी सुचवले आहेत. कोणता निवडावा?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : या तिन्ही मार्गांचा विचार करण्याआधी हार्नेस खरोखर बदलावा लागणार आहे का, याची खात्री करून घ्यावी. इंजिन तापल्यावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होणे हे लक्षण कच्च्या सांध्याचे असू शकते, तसेच ते इंजिनाच्या फिरण्याची खबर देणाऱ्या सेन्सरच्या बिघाडाचेही असू शकते, कारण तो सेन्सर गुंडाळीचा असेल, तर त्यातील बारीक गुंडाळी तापून प्रसरण पावली की आतल्या आत तुटक होते आणि निवली की पुन्हा जुळते. सेन्सर बिघडलेला असताना नवा हार्नेस बसवला, तर मोठा खर्च होऊनही गाडी त्याच चढावर पुन्हा बंद पडेल. म्हणून गाडी बंद पडताच, इंजिन गरम असतानाच, त्या सेन्सरचा रोध मोजावा आणि थंड असतानाच्या मोजमापाशी ताडून पाहावा.

त्यानंतर अर्थची, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या जोडणीची, तपासणी करावी. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, बॅटरीच्या ऋण टोकापासून ईसीएमच्या (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या) अर्थच्या पिनपर्यंत मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. ते ०.१ व्होल्टच्या आत असले पाहिजे. त्याहून जास्त दिसल्यास अर्थच्या मार्गात कोठेतरी गंज किंवा सैल बोल्ट आहे, आणि तो दोष हार्नेस न बदलताही दूर होतो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बहुतेक वायरमन मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून वायर तपासतात आणि बीप वाजला की वायर चांगली असे ठरवतात. पण बारा तारांच्या वायरीतील एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतोच. प्रवाह वाहून नेणारी वायर तपासायची तर तिच्यातून खरोखर प्रवाह न्यावा लागतो. दोन्ही टोके कपलरमधून (वायरी जोडणाऱ्या प्लगमधून) सोडवून, एका टोकाला बॅटरीचा धन पुरवठा आणि दुसऱ्या टोकाला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडल्यास सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह वाहतो. बल्ब मंद पेटला तर ती वायर निकामी समजावी. ही चाचणी इंजेक्टर, रिले, पंप अशांच्या वायरींसाठी आहे. ईसीएम जोडलेला असताना ती कदापि करू नये.

एवढे करूनही दोष वायरिंगमध्येच आहे असे दिसले, तर कुरतडलेल्या जागेपासून वीतभर अंतरावर टेप सोडवून वायरीचे आवरण थोडे सोलून पाहावे. आतील तांबे चकचकीत असेल आणि वायर वाकवल्यावर आवरणाला तडा जात नसेल, तर तेवढी शाखा नव्याने बांधून घेणे पुरेसे आहे. उलट तांबे काळे किंवा हिरवट पडलेले असेल, तर पाणी तारांच्या फटींमधून आतवर ओढले गेले आहे. ते कोठपर्यंत गेले आहे याचा बाहेरून अंदाज येत नाही. अशा वेळी संपूर्ण हार्नेस बदलणेच योग्य. आपली गाडी पावसाळाभर कुरतडलेल्या अवस्थेत उभी होती, हे लक्षात घेता ही दुसरी शक्यता मला अधिक वाटते.

आता निवडीचा प्रश्न. हार्नेस मागताना आपण ‘जिप्सी, २००८’ असे सांगाल आणि दुकानदारही तेवढेच विचारेल; पण इंधन फवारणी असलेल्या इंजिनाचा हार्नेस गाडीच्या नावाशी नव्हे, तर ईसीएमशी जुळावा लागतो. कोणत्या पिनवर कोणता सेन्सर आहे, अर्थ किती आहेत, ऑक्सिजन सेन्सर एक आहे की दोन, त्याला तापवणारी वायर वेगळी आहे का, हे सारे ईसीएम ठरवतो. एकाच नावाची गाडी वर्षानुवर्षे विकली जाते, तेव्हा प्रदूषणाचे नियम बदलतात आणि त्यांच्याबरोबर बोनेटखालील रचनाही बदलते. उदाहरणार्थ, आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीचा (गाडीने स्वतःचे दोष ओळखण्याच्या यंत्रणेचा) पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. दुसऱ्या टप्प्यात एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाच्या कामगिरीवर नजर ठेवावी लागते आणि त्यासाठी धूर उत्प्रेरकातून बाहेर पडतो त्या बाजूलाही एक ऑक्सिजन सेन्सर बसवला जातो. जिप्सी २००० साली एमपीएफआय झाली आणि सर्वसाधारण ग्राहकांसाठी तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. या दोन दशकांतील सर्व जिप्सींचा हार्नेस एकच असेल, असे मानणे धोक्याचे आहे. ईसीएमवरील चिठ्ठीवर ३३९२० ने सुरू होणारा सुझुकीचा क्रमांक असतो. त्याच्या सर्व अंकांचा आणि पुढील अक्षरांचा स्पष्ट फोटो घ्यावा. कपलरच्या तोंडाचे आणि जुन्या हार्नेसला गुंडाळलेल्या चिठ्ठीचे फोटोही सोबत असावेत, आणि चौकशीची सुरुवात तेथून करावी.

कंपनीचा नवीन हार्नेस आपल्या चासी क्रमांकावर मिळत असेल, तर महाग असला तरी तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जिप्सी सैन्यात मोठ्या संख्येने वापरात राहिली असल्याने सुट्या भागांची चौकशी एका विक्रेत्याच्या ‘नाही’वर थांबवू नये, मोठ्या शहरातील अधिकृत सुटे भाग विक्रेत्याकडून क्रमांकासह लेखी उत्तर घ्यावे. मात्र इंजिनाचा हार्नेस, बोनेटखालील मुख्य हार्नेस आणि डॅशबोर्डमागचा हार्नेस हे वेगवेगळे भाग असतात. आपल्याला कोणता हवा आहे हे आधी ठरवले नाही, तर शेवटी तिन्हींची किंमत सांगितली जाते.

कुर्ल्याच्या बाजारातील मालाविषयी सरसकट वाईट बोलणे मला मान्य नाही, कारण अपघातात मागून चेपलेल्या गाडीचा पुढील हार्नेस अगदी धड असू शकतो. परंतु आपल्या बाबतीत एक विशिष्ट फसगत संभवते. जिप्सीचे १२९८ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे जी१३बीबी इंजिन एस्टीम आणि व्हर्सा या गाड्यांतही होते. ‘इंजिन एकच आहे, हार्नेस चालेल,’ असे विक्रेता म्हणेल आणि त्यातील पहिला अर्धा भाग खरा असेल. एस्टीममध्ये मात्र हे इंजिन आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते, तर जिप्सीत ते उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते. त्यामुळे शाखांची लांबी आणि त्या कोठून फुटतात ती जागा जुळत नाही. एखादी वायर ताणली जाते आणि दुसरी वेटोळे होऊन गरम एक्झॉस्टजवळ लोंबते. शिवाय मारुतीच्या अनेक गाड्यांमध्ये चोरी रोखणारी आयकॅट्स यंत्रणा होती. तशा गाडीचा ईसीएम हार्नेससोबत घेतला आणि त्याची किल्ली व नियंत्रक मिळाला नाही, तर इंजिन चालू होणार नाही. जुना हार्नेस घ्यायचाच असेल तर तो जिप्सीचाच, ईसीएमचा क्रमांक जुळणारा आणि कपलरपासून कपलरपर्यंत अखंड असलेला घ्यावा. घाईघाईत कातरीने कापून काढलेला हार्नेस कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्यातील प्रत्येक कापलेली वायर म्हणजे आपल्या गाडीत वाढणारा एक सांधा आहे, आणि आपली तक्रार मुळात सांध्यांचीच आहे.

राहिला बनवून घेण्याचा मार्ग. पुण्याच्या परिसरात वाहन उद्योगासाठी हार्नेस बनवणारे मोठे कारखाने आहेत. त्यामुळे चांगल्या वायरी, अस्सल टर्मिनल (वायरीच्या टोकाला बसणारे धातूचे तुकडे) आणि हे काम शिकलेली माणसे तेथे मिळतात, हे खरे. पण त्याच शहरात घरगुती वायर वापरून हार्नेस बांधणारेही आहेत, म्हणून बांधणाऱ्याला काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिला प्रश्न वायरीच्या आवरणाचा. घरगुती वायरीचे पीव्हीसी आवरण साधारण ७० अंश सेल्सिअससाठी असते. इंजिनावरील वायरीसाठी ते अगदीच अपुरे आहे. वाहनांच्या वायरींच्या आयएसओ ६७२२ या मानकात तापमानानुसार वर्ग आहेत. त्यातील ‘बी’ वर्ग १०० अंशांचा आणि ‘सी’ वर्ग १२५ अंशांचा आहे. इंजिनाला चिकटून जाणाऱ्या शाखांसाठी ‘सी’ वर्गाची वायर मागावी. डॅशबोर्डमागे पीव्हीसीची वाहन-वायर चालते.

दुसरा प्रश्न जाडीचा. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे सुमारे ३७ मिलिओहम असतो. सेन्सरचा प्रवाह इतका अल्प असतो की त्याला ही वायर पुरते, आणि सुमारे एक अँपिअर घेणाऱ्या इंजेक्टरलाही पुरते. परंतु सहा अँपिअर घेणाऱ्या पेट्रोल पंपासाठी तीच वायर तीन मीटर वापरली, तर त्या वायरीतच जवळजवळ पाऊण व्होल्ट खर्च होतो आणि पंपाचा जोर घटतो. तेथे दोन चौरस मिलिमीटरची वायर असल्यास ही घट एक-पंचमांश व्होल्टच्याही आत राहते. सर्व वायरी एकाच जाडीच्या वापरणारा कारागीर हे गणित करत नाही, असे समजावे.

तिसरी बाब अर्थची असून तिच्यातच सर्वाधिक चुका होतात. सेन्सरांचा अर्थ ईसीएमकडे वेगळा परततो आणि इंजेक्टर, कॉइल यांचा जड प्रवाह वेगळ्या मार्गाने इंजिनाच्या धातूकडे जातो. वायर वाचवण्यासाठी हे दोन्ही एकत्र बांधले, की जड प्रवाहामुळे होणारी व्होल्टेजची घट सेन्सरच्या खबरीत मिसळते. कच्च्या सांध्याचा परिणामही येथेच दिसतो. पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा रोध २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास असतो. गंजलेल्या सांध्याने त्यात १०० ओहमची भर घातली, तर तापलेले इंजिन ईसीएमला सुमारे दहा अंशांनी थंड भासते आणि तो गरजेपेक्षा अधिक पेट्रोल फवारू लागतो. कोणतीही वायर तुटलेली नसताना गाडीचे ॲव्हरेज का उतरले, याचा शोध घेत मालक मग महिनोन्‌महिने फिरत राहतो.

जाळीदार आवरणाची वायर, म्हणजे फिरण्याच्या सेन्सरकडे जाणारी वायर, मूळ हार्नेसमध्ये असेल तर नव्या हार्नेसमध्येही तशीच हवी, आणि त्या जाळीला अर्थ ईसीएमच्या बाजूला, एकाच टोकाला दिलेला असावा. टर्मिनल योग्य पकडीने दाबलेली असावीत. नुसता डाग देऊन केलेला सांधा हाताला भक्कम लागतो, पण कथील तारांमध्ये जेथवर शिरते तेथवर वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी त्या कडेवर तुटते. सांध्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी स्लीव्ह हवी. साधी काळी टेप उन्हाळ्यात सुटते, हे आपण अनुभवलेच असेल. कपलर जुनेच वापरायचे असतील तर त्यांच्या कड्या शाबूत आहेत ना हे पाहावे आणि आतील टर्मिनल मात्र नवीन घालावीत. वायरींचे रंग मूळ रंगांप्रमाणेच, पट्ट्यांसह, ठेवण्याचा आग्रह धरावा. सगळा हार्नेस लाल-काळ्या वायरींचा असेल, तर पुढे दुरुस्ती करणाऱ्याला मारुतीच्या आकृतीचा काहीच उपयोग होणार नाही.

कोणताही हार्नेस आला तरी तो बसवण्यापूर्वी जुन्या हार्नेसशेजारी जमिनीवर पसरून प्रत्येक पिन ताडून पाहावी. जुना हार्नेस गाडी नीट चालू लागेपर्यंत वायरमनच्या हवाली करू नये. बसवताना बॅटरी सोडवलेली असावी, ईसीएमचे कपलर सर्वात शेवटी लावावेत, आणि केबिनच्या पत्र्यातून वायरी आत जातात तेथील रबरी बुच बसवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये, कारण ते बुच नसेल तर उघड्या पत्र्याची धार वायरी कापते आणि पावसाचे पाणी त्याच वाटेने ईसीएमपर्यंत पोहोचते.

सोयाबीनपासून बनवलेल्या आवरणामुळे उंदीर वायरी खातात, असे हल्ली सर्रास बोलले जाते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि ते झिजवण्यासाठी तो कुरतडतो, मग ते आवरण कशाचेही असो. होंडा कंपनी मिरचीतील तिखट द्रव्य असलेली टेप विकते. ती गुंडाळता येते. तरीही शेडमधून धान्याची आणि पेंडीची पोती हलवणे आणि आठवड्यातून एकदा बोनेट उघडणे यांचा उपयोग अधिक होतो.

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची कार्बोरेटरची जिप्सी किंग आहे. तिच्यात एमपीएफआय इंजिन बसवण्याचा विचार आहे. बाजारात कोणत्याही इंजिनाला चालणारा तयार हार्नेस मिळतो, असे ऐकले. तो घ्यावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घेऊ नये. अशा तयार हार्नेसमध्ये वायरी आणि फ्यूजपेटी असते, पण आपल्या ईसीएमचे कपलर नसतात. ते शेवटी आपल्यालाच जोडावे लागतात आणि मग तयार मालाचा फायदा उरत नाही. ईसीएमही स्वतंत्र, हव्या त्या इंजिनासाठी जुळवता येणारा घेणार असाल तर गोष्ट वेगळी. परंतु त्याची जुळवणी करणारा जाणकार जवळपास असावा लागतो.

आपल्यासाठी सोपा मार्ग म्हणजे एमपीएफआय जिप्सीचेच इंजिन, ईसीएम, हार्नेस, सर्व सेन्सर, रिले आणि असल्यास चोरीरोधक यंत्रणा एकाच गाडीतून, एकत्र घेणे. हे भाग चार दुकानांतून गोळा केले की प्रत्येक भाग चांगला असूनही गाडी चालू होत नाही. गाडीचा वेग सांगणारा सेन्सर अनेकांच्या लक्षातून सुटतो. ईसीएम त्याची वाट पाहत असेल तर तोही हवा. पेट्रोलचा दाब हा आणखी मोठा मुद्दा आहे. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब पाव बारच्या आसपास असतो, तर इंजेक्टरांना अडीच ते तीन बार लागतो. म्हणून टाकीतील पंप, फिल्टर आणि दाब सहन करणाऱ्या नळ्या बदलाव्याच लागतात. जुन्या रबरी नळ्यांवर हा दाब देणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

या सगळ्याआधी आरटीओत चौकशी करावी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि इंजिन बदलल्यावर त्याचा क्रमांक नोंदणीत चढवून घ्यावा लागतो. नुसता खराब हार्नेस त्याच प्रकारच्या हार्नेसने बदलला, तर हा प्रश्न येत नाही.

प्रश्न : माझ्या बीएस-६ मोटारीच्या इंजेक्टरांच्या कपलरमध्ये हिरवा गंज आला आहे. मी समुद्राजवळ राहतो. सेवा केंद्राने पूर्ण हार्नेस बदलण्याचे अंदाजपत्रक दिले आहे. तेवढाच भाग बदलता येत नाही का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : अनेकदा येतो. बऱ्याच इंजिनांवर इंजेक्टरांचा छोटा उपहार्नेस वेगळा असतो आणि त्याला स्वतंत्र क्रमांक असतो. चासी क्रमांक देऊन सुट्या भागांच्या यादीत तो आहे का, हे सेवा केंद्रातील सल्लागाराऐवजी सुट्या भागांच्या खिडकीवर विचारावे. नसल्यास वायरींसह येणारे सुटे कपलर मिळतात. ते दाबून, गोंदाच्या स्लीव्हने बंद करून जोडता येतात. जुन्या टर्मिनलवर कथिलाचा मुलामा असेल तर नवेही तसेच घ्यावे. सोन्याच्या मुलाम्याचे टर्मिनल त्यात घातले, तर खाऱ्या हवेत गंज उलट लवकर धरतो.

दोन ठिकाणी मात्र हात घालू नये. पिवळ्या आवरणातील वायरी एअरबॅगच्या असतात आणि त्यांची जोडजाड स्थानिक वायरमनकडून करून घेऊ नये. एकमेकींना पीळ घातलेली वायरींची जोडी सहसा कॅन जाळ्याची, म्हणजे गाडीतील संगणकांना आपापसांत जोडणाऱ्या जाळ्याची असते. तिचा पीळ सोडवून मध्ये लांब सांधा केला, तर इंजिन चालू असतानाही डॅशबोर्डवरील दिवे अकारण लागू शकतात. पूर्ण हार्नेसचा खर्च मान्य करण्यापूर्वी, बॅटरी सोडवून, या दोन वायरींमधील रोध ओबीडीच्या कपलरवर, म्हणजे त्याच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये, मोजून घेण्यास सांगावे. जाळ्याच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक असल्याने तो साधारणपणे ६० ओहमच्या आसपास भरतो. तसा भरला आणि गंज इंजेक्टरांच्या कपलरपुरताच दिसत असेल, तर अंदाजपत्रकातील पूर्ण हार्नेस कोणत्या मोजमापाच्या आधारे सुचवला आहे, हे सेवा केंद्राकडून लेखी मागावे.